भाडेकरू नुकसानभरपाई मागतोय: ठाणे-नवी मुंबईच्या घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला दणदणीत पाऊस झाला की हे प्रश्न सुरू होतात. आधी भिंतीला ओल, मग पोपडे, मग व्हॉट्सॲपवर फोटो आणि भाड्याच्या तारखेला मेसेज: "काका, या महिन्याचं भाडं नुकसानभरपाईत वळतं करतोय." घोडबंदर रोडला माझा एक वन बीएचके आहे, ऐरोलीत दुसरा, आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद सहा वर्षं गळ्यात होतं. त्यामुळे असे मेसेज मी दोन्ही बाजूंनी वाचलेत. मी वकील नाही. प्रकरण कोर्टात जाणार असेल तर वकील लागेलच. पण बरीचशी भांडणं त्याआधीच मिटण्यासारखी असतात आणि चिघळतात ती घरमालकाच्या पहिल्या उत्तराने.

खालची उत्तरं मुख्यतः लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्यावर, दिलेल्या राहत्या घरांसाठी आहेत. दुकान, गाळा किंवा पागडीचं घर असेल तर हिशेब वेगळा.

मागणीचा मेसेज आला. पहिलं काय करू?

त्याच दिवशी उत्तर द्या. काही कबूल करू नका, काही झिडकारू नका. मी साधारण असं लिहितो: "मेसेज मिळाला. रविवारी सकाळी दहाला येऊन पाहतो. वेळ जमत नसेल तर दुसरी कळवा. जे खराब झालंय ते टाकून देऊ नका, बिलं काढून ठेवा." एवढंच.

आधी कळवून, सोयीच्या वेळी घर पाहण्याचा हक्क घरमालकाला कायद्याने आहे. त्याच्या गैरहजेरीत आपल्याकडच्या किल्लीने दार उघडण्याचा नाही. गेल्यावर प्लंबरला सोबत न्या आणि फोटो स्वतःही काढा. त्याच्या फोटोत फक्त डाग दिसतो. तुमच्या फोटोत डागाखाली काय ठेवलं होतं तेही यायला हवं.

फोनवर बोलणं झालं तर लगेच मेसेजमध्ये लिहून पाठवा, "आत्ता बोलल्याप्रमाणे". पुढे वाद वाढला तर व्हॉट्सॲपचं संभाषण पुरावा म्हणून चालतं, मात्र भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. चॅट पुसू नका, फोन बदलताना तर मुळीच नाही.

त्याने एकदम सव्वा-दीड लाखाचा आकडा टाकलाय. एवढे पैसे द्यावे लागतात का?

आकड्याकडे बघूच नका. त्याचे तुकडे पाडा. प्रत्येक बाबीपुढे तीन गोष्टी लिहा: हे माझ्यामुळे झालं का, मला आधी कळवलं होतं का, आणि बिल आहे का.

माझंच उदाहरण देतो, कारण त्यात चूक माझी होती. घोडबंदरच्या घरात वरच्या मजल्याच्या बाथरूममधून बेडरूमच्या छताला ओल आली. भाडेकरूने ३ जुलैला फोटो पाठवला. मी वरच्यांना फोन केला, ते "बघतो" म्हणाले, मी भाडेकरूला "बघतो" म्हणालो आणि मनात ठरवलं की गणपतीनंतर बघू. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पीओपीचा भलामोठा तुकडा पलंगावर आला. नशीब, दोघं कामावर होते. संध्याकाळी मागणी आली: गादी १४,५००, लॅपटॉप ५२,०००, हॉटेलच्या चार रात्री १२,०००, दोन महिन्यांचं भाडं ५२,०००, मानसिक त्रास ८,०००. एकूण १,३८,५०० रुपये.

पहिल्यांदा डोकं फिरलं. मग बायको म्हणाली, कागद घे आणि एकेक ओळ लिही.

गादी: मला पाच आठवडे आधी सांगितलं होतं, तेव्हा टाळाटाळीला जागा नव्हती. पण गादी चार वर्षांची, भरपाई नव्या गादीची नाही. ७,००० वर तोडगा निघाला. लॅपटॉप: तो गळक्या छताखाली उघडा ठेवलेला. छत गळतंय हे त्यालाही तितकंच ठाऊक होतं. शिवाय दुरुस्ती ९,४०० रुपयांत झाली, मग नव्याची किंमत कशाला? निम्मे, ४,७०० दिले. हॉटेल: मलबा काढून वायरिंग तपासायला दोन दिवस लागले, दोन रात्रींचे ६,००० दिले. उरलेल्या दोन रात्री त्यांची सोय होती, गरज नव्हती. भाडं: हॉल आणि स्वयंपाकघर ते वापरत होते, बेडरूम तीन आठवडे बंद होती, त्यासाठी ८,००० सोडले. मानसिक त्रासाचं बिल नव्हतं. तो मलाही झाला होता.

झाले २५,७०० रुपये. बिलं समोर ठेवून बसलो तेव्हा त्याने प्रत्येक बाबीवर हुज्जत घातली, पण शेवटी मान्य केलं. ३ जुलैलाच प्लंबर पाठवला असता तर काय खर्च आला असता हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पण कायदा नेमकं काय म्हणतो?

"नुकसानभरपाई" हा शब्द भाडेकरू सगळ्यालाच लावतात. कायद्यात त्याला मर्यादा आहेत.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ नुसार करार मोडल्याने जे नुकसान सरळ आणि स्वाभाविकपणे होतं तेवढं मिळतं, दूरदूरचं नाही. ओल आली म्हणून गादी गेली, हे सरळ. ओल आली म्हणून झोप झाली नाही, म्हणून इंटरव्ह्यू बिघडला, म्हणून वर्षाचा पगार द्या, हे दूरचं. त्याच कलमाचं स्पष्टीकरण असंही सांगतं की नुकसान कमी ठेवण्याचे जे उपाय हाताशी होते तेही हिशेबात धरायचे. बादली ठेवणं आणि पलंग सरकवणं यांतच आलं.

दुसरा कायदा बहुतेक घरमालकांनी नावानेही ऐकलेला नसतो: भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२. लीव्ह अँड लायसन्समधलं 'लायसन्स' तिथून आलंय. त्याचं कलम ५७ घरमालकाला बांधून टाकतं: माणसाला किंवा सामानाला धोका होईल असा दोष तुम्हाला माहीत आहे आणि घर घेणाऱ्याला नाही, तर तो सांगितलाच पाहिजे. दरवर्षी जूनमध्ये भिंतीला पाणी येतं हे ठाऊक असताना मे महिन्यात रंग मारून घर दाखवणाऱ्यांनी हे कलम दोनदा वाचावं. एजंट सांगतो, "काका, फक्त एक हात मारून घ्या." त्या एका हाताने तुमची बाजू कच्ची होते.

माझं ॲग्रीमेंट रजिस्टर नाही. अडचण आहे का?

मोठी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नव्हे. नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध करणं तुमच्या गळ्यात. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हेही त्याच कलमात आहे.

म्हणजे "छोटी दुरुस्ती भाडेकरूने करायची असं ठरलं होतं" हे तुमचं वाक्य कागदाशिवाय हवेत जातं. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे, स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का (परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ती रक्कम त्यात मिळवतात), आणि घरबसल्या आधार-अंगठ्यावर काम होतं. तेवढे पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही.

त्याने न विचारता दुरुस्ती केली आणि भाड्यातून पैसे कापले. चालतं का?

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ मध्ये भाडेकरूला अशी मुभा आहे, पण अटींसह. आधी किमान १५ दिवसांची नोटीस, तरीही घरमालकाने दुर्लक्ष केलं तर त्याने दुरुस्ती करून खर्च वळता करायचा, आणि वर्षभरात ही रक्कम वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त होता कामा नये. २६,००० भाडं असेल तर वर्षाचे ३,१२,०००, म्हणजे मर्यादा ७८,००० रुपये.

हे कलम 'भाडेकरू'साठी आहे. लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत लायसन्सी, त्याचे हक्क मुख्यतः करारातल्या अटींवर चालतात. तरी वाद घालण्याआधी त्याने काय केलंय ते बघा. रविवारी रात्री फुटलेला नळ त्याने ९०० रुपयांत बदलून घेतला असेल तर आभार माना आणि पैसे द्या. पूर्ण बाथरूमच्या टाइल्स बदलल्या असतील तर गोष्ट वेगळी.

आता मी ॲग्रीमेंटमध्येच लिहितो: १,५०० रुपयांपर्यंतची किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याची, त्यावरची माझी, कळवल्यापासून सात दिवसांत सुरू करणार. आकडा तुमच्या घरानुसार ठरवा, पण आकडा असू द्या.

गळती वरच्या फ्लॅटमधून आहे, किंवा टेरेसवरून. मग मी का द्यायचं?

कारण भाडेकरूचा करार तुमच्याशी आहे. वरच्या काकूंशी त्याचं नातं लिफ्टमधल्या नमस्कारापुरतं. त्याला तोंड तुम्ही द्यायचं, आणि मग ज्याच्यामुळे झालं त्याच्याकडून वसूल करायचं.

सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे टेरेसवरून पावसाचं पाणी झिरपत असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची. एका फ्लॅटच्या बाथरूम-मोरीतून खाली येत असेल तर त्या सभासदाने. म्हणून पहिला फोटो मिळाला की त्याच दिवशी दोन पत्रं जायला हवीत, एक सेक्रेटरीला, एक वरच्या मालकाला, आणि पोचपावती घ्यायची. सेक्रेटरी असताना मी पाहिलंय: तोंडी तक्रार कमिटी मीटिंगमध्ये चहाबरोबर संपते, आवक क्रमांक पडलेलं पत्र विषयपत्रिकेवर येतं.

वरचा मालक दाद देत नसेल तर सोसायटीच्या इंजिनिअरकडून गळतीचं मूळ लेखी घ्या. वॉटरप्रूफिंग मात्र भर पावसात होत नाही हे भाडेकरूलाही सांगा. तात्पुरतं काय करणार आणि पक्कं काम ऑक्टोबरमध्ये कधी करणार, दोन्ही तारखा द्या. तारीख दिली की अर्धा राग उतरतो.

पाणी कमी येतं, लिफ्ट बंद असते, महावितरणची लाइट जाते. यासाठी भरपाई मागतात.

महापालिकेने शटडाऊन घेतला किंवा फीडर ट्रिप झाला तर त्यात तुमचा दोष नाही. नम्रपणे नाही म्हणा. पण घर दाखवताना "चोवीस तास पाणी" असं तुम्ही किंवा तुमच्या एजंटने लिहून पाठवलं असेल आणि घरात सकाळी पाऊण तासच पाणी येत असेल, तर तो मेसेज तो दाखवणारच.

तो भाडंही देत नाही आणि वर भरपाई मागतो. पाणी किंवा मीटर बंद करू का?

नाही. कुलूप बदलणं नाही, मीटरचा कटआउट काढणं नाही, वॉचमनला सांगून सामान अडवणंही नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ नुसार पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, साफसफाई या अत्यावश्यक सोयी तोडणं हा गुन्हा आहे. बाहेर काढलंत तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो, आणि तिथे घराचा मालक कोण हा मुद्दाच नसतो. त्याला बेकायदा काढलं का, एवढंच बघतात.

आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एकांनी रागाने पाण्याचा कॉक बंद केला होता. त्या दिवसापर्यंत भाडेकरू तीन महिन्यांचा थकबाकीदार होता. त्या दिवसापासून तो तक्रारदार झाला.

मुलगा पुण्याहून परत येतोय, अकरा महिने पुरे व्हायच्या आत घर हवंय. भाडेकरू शिफ्टिंगचा खर्च मागतो. द्यावा?

आधी करार उघडा. एक महिन्याच्या नोटिशीने कोणीही करार संपवू शकतो अशी अट असेल, लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) संपलेलं असेल आणि तुम्ही नोटीस नीट दिली असेल, तर भरपाईचा प्रश्न सहसा येत नाही.

अट नसेल किंवा लॉक-इनच्या आत बाहेर काढत असाल, तर सुविधाधिकार कायद्याचं कलम ६४ त्याच्या बाजूला आहे: मोबदला देऊन घेतलेलं लायसन्स, घेणाऱ्याची काही चूक नसताना मुदतीआधी काढून घेतलं तर त्याला भरपाई मिळते. मग टेम्पो, पॅकर्स, नव्या घराचं ब्रोकरेज, उरलेल्या महिन्यांतला भाड्यातला फरक या मागण्या वाजवी आहेत. त्यावर घासाघीस करा, पण हसण्यावारी नेऊ नका.

घर विकताय? सुविधाधिकार कायद्याच्याच कलम ५९ प्रमाणे नवा मालक जुन्या लायसन्सने बांधलेला नसतो. त्यामुळे भाडेकरूची भरपाईची मागणी बहुधा तुमच्याकडेच वळते. विक्रीचा व्यवहार ठरवतानाच ही रक्कम बाजूला काढा. परीक्षा जवळ आलेली मुलं घरात असतील तर एप्रिलपर्यंत थांबता येतं का, हेही पाहा. मला एकदा थांबता आलं होतं आणि त्या कुटुंबाने घर इतकं चकचकीत करून दिलं की रंगाचा खर्च वाचला.

तो लॉक-इनच्या आत सोडून चाललाय. मी उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापू शकतो?

करारात लिहिलंय म्हणून आपोआप नाही. करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा, तिच्या आत जे वाजवी असेल ते मिळतं. पंधरा दिवसांत नवा भाडेकरू आला आणि तुम्ही चार महिन्यांचं कापलंत, तर जुना भाडेकरू ते पैसे परत मागेल आणि त्याचं म्हणणं रास्त असेल. घर रिकामं राहिलं तेवढे दिवस, फार तर नव्या ब्रोकरेजसह, इथपर्यंत थांबा.

डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेतलं म्हणून भरपाई मागतो. असा नियम आहे?

२०२१ मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे. तो कायदा राज्यांनी स्वीकारायचा असतो आणि महाराष्ट्रात अजून १९९९ चाच कायदा चालतो. त्यामुळे ही मागणी टिकत नाही.

डिपॉझिट परत करताना रंगाचे पैसे कापले, आता तो वकिलाची भाषा बोलतोय.

डिपॉझिट तुमचं उत्पन्न नाही, दुसऱ्याचे ठेवायला दिलेले पैसे आहेत. हे मी तरुण घरमालकांना सांगतो तेव्हा ते मान डोलावतात, कारण त्यांनी ते पैसे आधीच होमलोनमध्ये भरलेले असतात.

दोन-तीन वर्षं माणसं राहिली की भिंतीवर हात लागतात, कॅलेंडरचे खिळे राहतात, सोफ्यामागे काळपट पट्टा पडतो. ही वापरातली झीज. ती कापायची नाही. किचन ओट्याचा ग्रॅनाइट फुटला, दाराचं लॅच तोडलं, मुलाने अख्ख्या भिंतीवर तेलखडूने रेल्वे काढली, हे नुकसान. ते कापा, पण फोटो आणि कारागिराच्या बिलासह, ओळीओळीने. करारात रंगाची रक्कम आधीच ठरवून लिहिली असेल तर तेवढी घ्या.

प्रवेशाच्या दिवशीचे फोटो नसतील तर कापण्याचा मोह सोडा. उरलेले पैसे चावी हातात आल्या दिवशी ट्रान्सफर करा, वादातली रक्कम तेवढी मागे ठेवा. अख्खं डिपॉझिट अडवून ठेवलं तर तीन वर्षांच्या मुदतीत तो वसुलीचा दावा लावू शकतो, व्याजासकट.

प्लॅस्टर पडून मुलाला लागलं. आता?

इथे घासाघीस नको. आधी दवाखाना, बिल तुम्ही भरा, मग बाकी बोलणं. त्या खोलीत कुणी झोपणार नाही याची सोय त्याच रात्री करा, गरज पडली तर स्वतःच्या खर्चाने लॉज बघा.

वाशी-नेरूळकडच्या सिडकोच्या जुन्या इमारतींत आणि नौपाडा-चरईच्या जुन्या बिल्डिंगांत छताचं प्लॅस्टर पडणं नवीन नाही. सळ्या गंजल्या की काँक्रीट फुगून सुटतं, वरून मारलेल्या रंगाने ते धरून राहत नाही. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. तुमची इमारत महापालिकेच्या धोकादायक यादीत सी-१ मध्ये असेल तर घर भाड्याने देऊच नका, ती तातडीने रिकामी करायची असते. सी-२ ए असेल तर मोठ्या दुरुस्तीसाठी ती रिकामी करावी लागते, सी-२ बी असेल तर राहत्या घरीच दुरुस्ती होते; दोन्हींत नोटिशीची प्रत भाडेकरूला द्या आणि सही घ्या. कलम ५७ आठवतंय ना? नोटीस लपवली आणि अपघात झाला तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही, निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होऊ शकतो.

जाता जाता: बंद बाथरूममधला गॅस गीझर काढून टाका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. भाडेकरू बिल्डरच्या भाड्यात वाटा मागतो.

लीव्ह अँड लायसन्सवरच्या माणसाला तो मिळत नाही. पर्यायी घराचं भाडं आणि कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) फ्लॅटमालकाचे. त्याला नोटीस, डिपॉझिट आणि सामान हलवायला पुरेसा वेळ, एवढं द्यावं. मुदत बाकी असेल तर वरचा कलम ६४ चा मुद्दा येतो, म्हणून पुनर्विकासाची चर्चा सुरू झाल्यावर नवा करार करताना तसं स्पष्ट लिहा.

पागडीचा भाडेकरू असेल तर हे उत्तर विसरा. त्याला कायद्याचं संरक्षण आहे, पुनर्बांधणीत जागेचा हक्कही येतो. सरळ वकील गाठा.

तो पोलिसांत गेला. घाबरू का?

पैशांचा वाद दिवाणी असतो, पोलीस रक्कम ठरवून देत नाहीत. बोलावलं तर जा, नोंदवलेला करार, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला दिल्याची पोच आणि चॅटच्या प्रिंट घेऊन जा. ठाण्यात असो की नवी मुंबईत, दोन्ही आयुक्तालयांच्या हद्दीत भाडेकरूची माहिती कळवायची असते, ऑनलाइनही होते. ती दिलेली नसेल तर तुमचीच पंचाईत. तिथे बसून "अमुक रक्कम देतो" असं लिहून देऊ नका, विचार करून दोन दिवसांनी लेखी कळवतो म्हणा.

वकिलाची नोटीस आली तर?

उत्तर द्यायचंच. गप्प राहणं म्हणजे कबुली असं नाही, पण पुढे समोरचा वकील तसंच म्हणणार. बाबवार उत्तर: हे मान्य, हे अमान्य, याचं बिल पाठवा. स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवा.

मुदत संपली, तरी "भरपाई दिल्याशिवाय घर सोडणार नाही" म्हणतो.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. राहत्या घराच्या लायसन्सची मुदत संपली की ताबा द्यावाच लागतो. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे नाही दिला तर तेवढ्या काळासाठी लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई त्यालाच द्यावी लागते. ताब्यासाठी कोकण विभागाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तिथे समोरच्याला बाजू मांडायलाही आधी परवानगी घ्यावी लागते आणि लेखी करार हाच निर्णायक पुरावा मानतात. त्याची गादी-कपाटाची मागणी खरी असेल तर तिचा निकाल स्वतंत्रपणे लागेल.

हे त्याला शांतपणे, लेखी सांगा. दुप्पट दराचं वाक्य वाचून बरेच जण टेम्पो शोधायला लागतात. मुदत संपल्यावर भाडं स्वीकारत असाल तर पावतीवर "मुदतीनंतरच्या वापरापोटी" असं लिहा, नुसतं "भाडं" नको.

थोडं देऊन मिटवायचं ठरलं. कागद कसा करू?

बोलणी चालू असताना प्रत्येक मेसेजवर "हक्कांना बाधा न येता, केवळ तडजोडीसाठी" असं लिहा, म्हणजे उद्या तुमचा देऊ केलेला आकडा कबुली म्हणून पुढे येणं कठीण होतं. पैसे रोख देऊ नका. कागदाचा मजकूर साधा पुरे:

"सदनिका क्र. ___ मधील गळतीबाबत माझी दि. ___ ची मागणी होती. दोघांनी हिशेब पाहिला. रु. ___ माझ्या बँक खात्यात दि. ___ रोजी जमा झाले. या गळतीबाबत माझी घरमालकांकडे आता कोणतीही मागणी शिल्लक नाही. ही रक्कम तडजोड म्हणून दिली आहे, दोषाची कबुली म्हणून नाही."

दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. "या गळतीबाबत" हे शब्द महत्त्वाचे. "कुठलीच मागणी नाही" असं सरसकट लिहून घ्यायला गेलात की तो डिपॉझिटच्या धास्तीने सही करत नाही.

बोलून जमत नसेल तर ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा लावण्याआधीच लोक अदालतीसाठी अर्ज करता येतो. तिथली तडजोड दिवाणी हुकूमनाम्यासारखी अमलात येते आणि तिच्यावर अपील नाही. म्हणून जाण्याआधी स्वतःचा शेवटचा आकडा ठरवून जा.

दिलेली भरपाई इन्कम टॅक्समध्ये खर्च दाखवता येते?

घरभाड्याच्या उत्पन्नावर ३० टक्के प्रमाणित वजावट सरसकट मिळते. दुरुस्ती असो की भरपाई, त्यावर वेगळं काही नाही.

घर सोडून महिना झाला, आता नवीन मागणी आली. "कपाटाला बुरशी लागली होती, तेव्हा सांगायचं राहून गेलं."

चावी घेतली त्या दिवसाचा व्हिडिओ काढा आणि त्याच्याकडून एक ओळ लिहून घ्या: सामान तपासून नेलं, तक्रार असल्यास खाली लिहिली आहे. खाली जागा मोकळी सोडा, त्याने हवं ते लिहू दे. हा कागद असेल तर त्याचा फोटो उत्तरात पाठवा आणि बिल व तारखेसह फोटो मागा. माझ्या ऐरोलीच्या घरातून गेलेल्या एका मुलाने त्या मोकळ्या जागेत फक्त एवढंच लिहिलं होतं: "बाल्कनीतली तुळस ठेवून जातोय, पाणी घाला."